डागाभोवतीची खडूची रेघ

लाँचमध्ये पाऊल टाकताना तुम्ही समोर पाहता की खाली?

खरं सांगा. समोरच पाहता. बसायला जागा कुठे आहे, ओळखीचं कोण आलंय, पिशवी कुठे टेकवता येईल. मीही तेच पाहायची. धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या शाळेत मला हंगामी नोकरी लागली तेव्हा नव्वद साल उजाडायला दोन-तीन वर्षं होती. बोदवडला मावशीकडे राहायचं, सकाळी एसटीने पाण्याच्या काठाशी उतरायचं आणि तिथून लाँचने पलीकडे जायचं. धरण झालं, पाणी मागे सरकत शेतांत शिरलं आणि पूर्वी जिथे बैलगाडीची वाट होती तिथे मैलभर पाणी पसरलं. त्या पाण्यात वाळलेल्या बाभळी अजून उभ्या होत्या. विजेचा एक खांब होता, कमरेपर्यंत बुडालेला, तारांसकट. लाँच त्याच्याजवळून जायची तेव्हा बायका बोलायच्या थांबत. त्या तारांत वीज नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी थांबत.

पहिल्या दिवशी मी लाँचमध्ये चढले तेव्हा एक म्हातारा गुडघ्यांवर बसून फळ्यांचा वास घेत होता. खाकी अर्धी चड्डी, अंगात भोकं पडलेला बनियन, गुडघ्यांवर उंटासारखे घट्टे. नाक फळीला टेकवायचा, वीतभर पुढे सरकायचा, पुन्हा टेकवायचा. मी पुढे झाले तसा मान वर न करताच म्हणाला,

"चपला काढा."

मी धुळ्याच्या गिरणी कामगाराची मुलगी. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि बाराखडी आल्यावर पालथं करून छापील बाजू वाचली. कुणी चपला काढायला सांगितल्या की मला आधी राग येतो, मग कारण विचारावंसं वाटतं.

"का? हे काय देऊळ आहे?" मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं. डोळे लाल, पाणावलेले. "देऊयमा पडनात तर देव उचलई," तो म्हणाला. "आठे कोन उचलई?"

मागून येणारी अक्का हसली. ही अक्का दर बाजाराला वांगी घेऊन पलीकडे जायची, एरवी लेकीला भेटायला. "काढा व बाई चपला," ती म्हणाली. "आबा कोणाचं ऐकत नाही. रोज सकाळी नवरी पाहू राहिल्यावानी लाँच पाहते. आबा, पसंत पडली का?"

"नाक बरं शे," आबा गंभीरपणे म्हणाला, "पन आंगले तेल लागेल शे."

लाँचभर हशा पिकला. तो हसला नाही. मी चपला काढल्या.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी ते कुणाच्या कामाचं नाही, सगळे त्याला आबाच म्हणायचे. त्या भागातला तो नव्हता. साक्रीकडचा, बोली अहिराणी. इकडची पोरं त्याच्या 'आहे'ऐवजीच्या 'शे'ची आणि 'सगळा'ऐवजीच्या 'बठ्ठा'ची नक्कल करायची. लाँच मूळची पश्चिमेकडच्या एका मोठ्या जलाशयावर साहेब लोकांना फिरवण्यासाठी बांधलेली. म्हणून तिच्या फळ्या डांगी सागाच्या, दोन बोटं जाड, एकही गाठ नसलेल्या. ती जुनी झाली, लिलावात निघाली, आणि आमच्या तरीच्या, म्हणजे नावेच्या फेऱ्यांच्या, ठेकेदाराने उचलली. आबा तिच्याबरोबर आला. तिचा नांगर आला, दोर आले, तसा आबा आला. इंजिन तोच चालवायचा, सुकाणू तोच धरायचा आणि उरलेला सगळा वेळ फळ्यांवरचे तेलाचे डाग काढायचा.

एवढा भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. आधी हे मी हसत सांगायची. आता तसं सांगत नाही.

निघण्याआधी तो प्रत्येकाला विचारायचा, "भेव वाटस का?" कुणी छाती काढून "मले कशाचं भेव!" म्हणाला की त्याला मधोमध, इंजिनाच्या पेटीजवळ बसवायचा. वाटतं म्हणणाऱ्यांना काठाकडेला. मला हे उफराटं वाटलं. एकदा विचारलं तर म्हणाला, "ज्याले भेव वाटस तो धरीसन बसस. ज्याले नई वाटत तो हात सोडीसन बोलस. कडेले कोन पाहिजे, सांगा."

विड्यांची बंडलं, काडेपेट्या तो चढतानाच काढून घ्यायचा आणि उतरताना परत द्यायचा, ज्याची त्याला, न चुकता. पोहता येतं का म्हणून एका पोराने त्याला डिवचलं. आबा म्हणाला, "पव्हता येस. म्हनीसन तर घाबरस. पानी कसं शे ते माले माहीत शे."

पण त्याची खरी भीती पाण्याची नव्हती. ती फळीवरच्या डागाची होती, आणि ती कळायला मला महिना लागला.

झालं असं की एका सकाळी त्याने माझ्याकडे खडू मागितला.

"शायेमा खडूना तुकडा ऱ्हातस. बारीक बारीक. पोरं फेकतस ते."

मी तत्त्वाची माणूस. म्हणाले, "आबा, शाळेचा खडू मुलांचा. असा बाहेर देता येत नाही."

त्याने मान हलवली, जणू हे बरोबरच आहे. "फेकेल द्या. वापरेल द्या," म्हणाला. "नवा नको."

दुसऱ्या दिवशी मी फळ्याखाली पडलेले नखाएवढे तुकडे पुडीत बांधून नेले. त्याने ते दगडावर वाटले. इंजिनाच्या पेटीच्या पायथ्याशी, जिथे तेल झिरपून फळीवर हाताएवढा काळा डाग पडला होता, तिथे ती पांढरी भुकटी पसरली आणि वर फडकं टाकून ठेवलं. संध्याकाळी परतताना फडकं उचललं तर भुकटी पिवळट काळी झालेली. फळीने तेल सोडलं होतं आणि खडूने ते पिऊन घेतलं होतं.

हे काम फक्त सुरुवातीचं. त्यानंतर राखेचं पाणी. केळीचा घड उतरवला की खोड कापून बांधावर टाकतात; ती वाळलेली खोडं तो बागांतून मागून आणायचा, जाळायचा, राख मडक्यात भिजत घालायचा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचा. बोटांना ते साबणासारखं बुळबुळीत लागायचं. ते डागावर ओतून वाळलेल्या गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, जाळीने घासायचं. घासायचं ते फळीच्या रेषांना आडवं, हलक्या हाताने. मी एकदा हौसेने जाळी घेतली आणि रेषांच्या दिशेने जोर लावून घासू लागले, तर त्याने माझं मनगट धरलं. कुणा बाईमाणसाला त्याने हात लावलेला मी तेवढाच पाहिला.

"नका! रेघ उकरी जाई. मऊ लाकूड निघी जाई, कडक वर ऱ्हाई, आनि मग त्या खाचमा तेल बठी. कायमनं बठी."

राखेच्या पाण्याने साग काळवंडतो. म्हणून शेवटी चिंचेचं पाणी. ते लावलं की फळी हळूहळू पुन्हा मधाच्या रंगाची व्हायची. त्याचं तोंड त्या वेळी पाहण्यासारखं असे. दुखणं उतरलेल्या माणसाच्या उशाशी बसलेल्यासारखा तो बसायचा.

आणि मग सगळ्यात शेवटी, डागाची जी फिकट सावली तरीही उरायची तिच्याभोवती, तो खडूने एक रेघ ओढायचा. गोल, बारीक, लक्ष देऊन. दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन पाहायचा. सावली रेघेच्या आत असली की श्वास सोडायचा. बाहेर गेली असली की लाँच निघायची नाही. ठेकेदार ओरडो, प्रवासी ओरडोत, आबा पेटी उघडून आत डोकं घालून बसायचा, पाईप चाचपत, वास घेत, जोपर्यंत कुठला नट ढिला आहे ते सापडत नाही तोपर्यंत.

हे दोन-तीनदा पाहिल्यावर मला कळलं. तो डाग काढत होता ते लाँच सुंदर दिसावी म्हणून नव्हे. नवा डाग पडला तर तो दिसावा, म्हणून जुना काढत होता.

"लाकूड खोटं बोलत नई," तो म्हणायचा. "पोटमा काय शे ते बाहेर दाखाडस."

एकदाच, पावसाळा संपता संपता, लाँचमध्ये आम्ही दोघेच होतो. वारा नव्हता. मी विचारलं, "आबा, एवढं भेव कशाचं बसलं?"

त्याने सुकाणू थोडं वळवलं. मग म्हणाला, "तिकडे व्हतो तवय. एक डाग मी सोडी दिन्हा. म्हनं सकायी पुसू." खांब मागे गेला तेव्हा पुढे बोलला. "माले फक्त पाय दिखनात. फळीवरथीन सटकनात. पायमा जोडवा व्हत्यात."

कुणाचे पाय, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पण चढणाऱ्या प्रत्येक बाईच्या पायांकडे तो का पाहत असतो, आणि पाहताना ओठ का घट्ट मिटलेले असतात, हे मला त्या दिवशी कळलं. काही टवाळ पोरं त्याच्या या पाहण्यावरून घाणेरडं बोलायची. मी त्यांना सुनावलं. सुनावणं मला सोपं जातं.

आता माझ्या चुकीबद्दल.

हिवाळ्याच्या तोंडाशी मी एक पत्रक काढलं. लाँचची अवस्था वाईट होती: बाकं मोडकी, टपाला भोकं, काठावर उतरायला फळकुट नाही. मी रात्री बसून मागण्या लिहिल्या, वडिलांच्या ओळखीच्या छापखान्यातून धुळ्याहून छापून आणल्या आणि बाजाराच्या दिवशी वाटल्या. मागणी क्रमांक एक: बाकं दुरुस्त करा. क्रमांक दोन: क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊ नका. क्रमांक तीन: लाँच आतून-बाहेरून रंगवा, स्वच्छ लाँच हा प्रवाशांचा हक्क आहे. आबाला वाचता येत नव्हतं. मी त्याला वाचून दाखवलं, अगदी भाषणासारखं. क्रमांक तीनवर त्याचा चेहरा बदलला, पण मी पुढच्या ओळीवर गेले होते.

"बठ्ठं छापी टाकं का?" त्याने हळूच विचारलं.

"सगळं. दोनशे प्रती!"

"मंग आते काय," तो म्हणाला आणि गिलक्याची जाळी पाण्यात पिळत राहिला.

ठेकेदारभाऊ हे गोड माणूस होते. पांढरा सदरा, हसरा चेहरा. माझं पत्रक त्यांनी लाँचवर सर्वांसमोर वाचलं आणि म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. तिसरी मागणी आजच मान्य." टाळ्या पडल्या. माझ्या वडिलांनी मला नाही म्हणणाऱ्या मालकाशी लढायला शिकवलं होतं. हो म्हणणाऱ्या मालकाशी कसं लढायचं ते माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

दोन दिवस लाँच बंद ठेवून त्यांनी ती हिरवी केली. झगझगीत हिरवा तेलरंग, टपापासून तळपायाखालच्या फळीपर्यंत. बाकं तशीच मोडकी, पण हिरवी. फळ्यांच्या सगळ्या रेषा, सगळे जोड, वर्षानुवर्षांच्या सगळ्या फिकट सावल्या, त्या रंगाखाली गेल्या. बाया म्हणाल्या, कशी पोपटावानी दिसते. अक्कासुद्धा म्हणाली.

आबा काठावर उकिडवा बसला होता. मी त्याच्याजवळ गेले. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.

"बाई," तो म्हणाला, "माले आते काहीच दिखत नई."

मी म्हणाले, "आबा, रंगाने लाकूड टिकतं." काय बोलले हे आठवलं की आजही कान तापतात.

"लाकूड टिकई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो फुटक्या काचेने रंग खरवडू लागला. अख्खी लाँच नव्हे, फक्त इंजिनाच्या पेटीच्या पायथ्याशी, हातभर रुंद पट्टी. प्रवासी हसायचे. "आबा, नव्या नवरीचं लुगडं फाडू राहिले का?" ठेकेदारभाऊंनी एकदा समजावलं, दुसऱ्यांदा दम भरला, तिसऱ्यांदा म्हणाले, "आबा, आणखी एक बोट खरवडलं तर साक्रीची गाडी धरा." तोवर पट्टी पूर्ण झाली होती. हिरव्या रंगात एक मधाळ चौकोन. त्यावर त्याने माझ्या खडूची भुकटी पसरली. माझ्या पुडीतली शेवटची.

तो बाजाराचा दिवस होता. परतीची खेप. क्रमांक दोनची मागणी कुणाच्या लक्षात राहिली नव्हती, माझ्यासुद्धा. उशीर झाला होता आणि मलाही बसायचं होतं. माणसं, टोपल्या, मिठाची पोती, एक शेळी. ठेकेदारभाऊ स्वतः पुढे बसले होते. वारा सुटला होता आणि पाण्यावर लहान पांढऱ्या लाटा उठत होत्या. "भेव वाटस का?" आबाने विचारलं. एवढ्या गर्दीत कुणी उत्तरच दिलं नाही.

मला पेटीजवळ जागा मिळाली. माझ्या पायाशीच तो चौकोन होता.

विजेचा खांब यायच्या आधी माझी नजर खाली गेली. खडूच्या पांढऱ्या भुकटीला एका कोपऱ्यात पिवळा ठिपका आला होता. रुपयाएवढा. मी पाहिलं आणि वर पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं तेव्हा तो तळव्याएवढा झाला होता. डिझेलचा वास येत होता, पण लाँचला तो नेहमीच येतो, असं मी मनाशी म्हणाले.

मी बोलले नाही.

का, ते लिहिते, कारण हे लपवलं तर बाकीचं सगळं खोटं ठरेल. आठवडाभर सगळे आबाला हसत होते. मी त्याच्या बाजूने बोलणारी एकटी. मलाही हसत होते. मी आता ओरडले आणि काही नसलं तर? ठेकेदारभाऊ मागे वळून त्यांचं ते हसू हसतील. ज्या बाईने दोनशे लोकांना उठा, बोला, घाबरू नका असं छापून वाटलं, ती हशाला घाबरून एक डाग पसरताना पाहत बसली. किती वेळ ते मला माहीत नाही. खांब मागे जाईपर्यंत.

मग खडू अख्खा पिवळा झाला आणि पेटीच्या फटीतून एक बारीक निळसर धुराची रेघ वर आली. माझ्या तोंडातून फक्त "आबा" एवढंच निघालं. तेही हळू.

त्याने ऐकलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. आणि क्षणभरही न थांबता, एका झटक्यात, इंजिन बंद केलं.

मधल्या पाण्यात इंजिन बंद पडलं की जी शांतता होते ती मी कधी विसरणार नाही. आधी फक्त लाटा फळ्यांवर आपटल्याचा आवाज. मग लाँच आडवी झाली, वाऱ्याने एका कुशीवर घेतली आणि सगळी माणसं एकदम ओरडली. शेळी सुटली. एक बाई उभी राहिली आणि तिला कुणीतरी खाली ओढलं. ठेकेदारभाऊ पहिल्यांदाच हसत नव्हते. "चालू कर! वेडा झाला का रे? पाच मिनिटांत काठ आहे! चालू कर म्हणतो!"

"नई," आबा म्हणाला. "बठा. बठ्ठा बठा. कडेना माणसंसनी धरा."

"इंजिन चालू कर!"

"काडी कोनजवय शे का? बिडी कोनजवय शे का? हात वर करा!" त्याचा आवाज चिरका झाला होता, रडणाऱ्या पोरासारखा. एवढा घाबरलेला माणूस आणि तरीही त्याचा हात चावीवरून हलला नाही. मागून एकाने चोरून आणलेली बिडी शिलगावायला काडी काढली होती. अक्काने त्याच्या मुस्कटात मारली आणि काडी पाण्यात फेकली.

आबाने पेटीचं झाकण उचललं तेव्हा मी आत पाहिलं. डिझेलचा पाईप चिरला होता आणि त्यातून आलेली धार धुराच्या तापलेल्या नळकांड्यावर पडत होती. आतलं लाकूड भिजून काळं झालेलं. नळकांडं चुरचुरत होतं. आबाने बनियन काढून, पाण्यात बुडवून, त्या पाईपभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. नळकांड्याला टेकून त्याचे तळवे भाजत होते, वास आला. तरी त्याने हात काढले नाहीत.

वाऱ्याने आम्हाला बाभळींत नेलं. फांद्या टपावर घासू लागल्या, बाया देवांची नावं घेऊ लागल्या. पण बाभळींनीच लाँच अडवली. अंधार पडायच्या आधी मासे धरणाऱ्यांच्या डोंग्या आल्या आणि आम्हाला चार-चार करून काठाला नेलं. कुणी मेलं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आबाच्या तळव्यांखेरीज.

चौथ्या दिवशी त्याला काढलं.

ठेकेदारभाऊंकडे अर्ज आला होता: मधल्या पाण्यात विनाकारण इंजिन बंद करून प्रवाशांचे जीव धोक्यात घातले, नव्या रंगाची नासाडी केली. खाली सह्या आणि अंगठे. त्या लाँचमधल्या माणसांचेच. मी घरोघर गेले, पेटीत काय पाहिलं ते सांगितलं, तावातावाने, टेबलावर हात आपटून. लोक ऐकत होते आणि नजर चुकवत होते. शेवटी अक्काच्या ओसरीवर बसले. तिचाही अंगठा त्या कागदावर होता.

"अक्का, तुम्हीसुद्धा? तुम्ही तर काडी फेकली पाण्यात."

ती भरीताची वांगी निवडत होती. "न लागलेली आग कोणी पाह्यली व बाई?" ती म्हणाली. "बंद पडेल लाँच मातर सगळ्यांनी पाह्यली. लोक जे पाहते त्यालेच भेते." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि भाऊ समोर उभे होते. मी भ्याली. तू नाही भ्याली का?"

मी ओसरीवरून उतरले आणि चपला घातल्या.

तो गेला त्या सकाळी मी फाट्यावर एसटीपाशी होते. दोन्ही तळव्यांना चिंध्या, काखेत एक पिशवी. मी माफी मागायचं ठरवून आले होते. वाक्यंही तयार होती. त्याने मला बोलू दिलं नाही.

"रंग पुन्हा मारी दिन्हा का?" त्याने विचारलं.

"काल मारला. चौकोनावरही."

त्याने डोळे मिटले. मग चिंध्यांच्या हाताने पिशवीतून गिलक्याची जाळी काढली आणि माझ्या हातात दिली. "आडवं घासा," म्हणाला. गाडी आली. चढताना त्याने चपला काढल्या, पायरीकडे पाहिलं, आणि मग चढला. कंडक्टर हसला.

ही लाँच अजून चालते. इंजिन दुरुस्त केलं म्हणतात. फळ्या अजून हिरव्या आहेत. दर वर्षी रंग मारतात, कारण मी छापून मागितलं होतं. दोनदा मी काचेने चौकोन खरवडला, दोनदा तो बुजवला. एकटीने खरवडलेलं एकट्याला बुजवता येतं.

म्हणून मी मागणी क्रमांक तीन मागे घेते आणि तिच्या जागी एक विनंती छापते. ही ठेकेदारभाऊंना नाही. ही तुम्हाला आहे, जे उद्या बाजार करून त्या लाँचने परतणार आहात.

माझ्या शाळेच्या पुढच्या खिडकीत खडूचे तुकडे ठेवले आहेत. वापरलेले आहेत, कुणी काही म्हणणार नाही. जाता जाता एक उचला. लाँचवर चढताना चपला काढा, इंजिनाच्या पेटीजवळ वाका, रंग खरवडलेला नसेल तर नखाने खरवडा, आणि खडू तिथे चुरून टाका. तो पांढरा राहिला तर बसा. पिवळा झाला तर हसण्याला भिऊ नका, मोठ्याने ओरडा, आणि काठ सोडू देऊ नका. मी हळू बोलले होते.